परिपत्रक दुरुस्तीला गेले की संकेतस्थळावरून गायब का होते? ड्रुपलमधील टप्प्यांची मांडणी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंडा तालुक्यातील एका सहकारी पतसंस्थेचे संकेतस्थळ ड्रुपल या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीच्या १० व्या आवृत्तीवर चालते. ठेवींच्या व्याजदरांची परिपत्रके, सभेच्या सूचना, कर्जाचे नमुना अर्ज असे दस्तऐवज त्यावर चढवले जातात आणि त्यांच्यासाठी कोणीतरी आठ टप्पे आखून ठेवले आहेत: मसुदा, टंकलेखन पूर्ण, शाखेकडून प्राप्त, तपासणी, दुरुस्तीसाठी परत, तातडीचे, मंजूर आणि प्रकाशित. तक्रारी तीन आहेत. प्रकाशित परिपत्रकात काही बदल करायला घेतला आणि ते ‘दुरुस्तीसाठी परत’ या टप्प्यात गेले, की संकेतस्थळावरची जुनी प्रतही दिसेनाशी होते. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या सुट्टीत कागद मंजुरीसाठी अडकून पडतात. आणि मंजुरीला पाठवल्यानंतरही शाखेतला लिपिक मजकुरात हात घालू शकतो. टप्पे वाढवावेत की कमी करावेत, असा शेवटी प्रश्न आहे.

कमी करावेत. या संस्थेला चार टप्पे पुरतात: मसुदा, मंजुरीसाठी सादर, प्रकाशित आणि कालबाह्य. मात्र केवळ संख्या घटवल्याने पहिली तक्रार सुटणार नाही, कारण तिचे मूळ टप्प्यांच्या संख्येत नसून त्या टप्प्यांच्या मांडणीत आहे. प्रत्येक टप्प्याला दोन गोष्टी विचाराव्यात: या घडीला कागद कोणाच्या टेबलावर आहे, आणि तो तिथे असेपर्यंत सभासदाला संकेतस्थळावर काय दिसते? ज्या टप्प्यामुळे या दोहोंपैकी एकाचेही उत्तर बदलत नाही, तो टप्पा नाही. ती फार तर दस्तऐवजावरची एक नोंद आहे.

आधी गायब होण्याचे प्रकरण पाहू. ड्रुपलच्या गाभ्यातील कंटेंट मॉडरेशन हे मॉड्यूल (टप्प्यांची व्यवस्था पाहणारा घटक) मार्च २०१८ मध्ये आलेल्या ८.५ या आवृत्तीपासून स्थिर मानले जाते, आणि ते एकाच दस्तऐवजाच्या दोन प्रती एकाच वेळी सांभाळू शकते: एक लोकांना दिसणारी, दुसरी आत घडत असलेली. कॉन्फिगरेशनमधील वर्कफ्लो, म्हणजे टप्प्यांच्या प्रवाहाच्या विभागात जाऊन कोणताही टप्पा संपादनासाठी उघडला, की नावाखाली दोन चौकटी दिसतात. पहिली ‘पब्लिश्ड’, म्हणजे या टप्प्यात आल्यावर मजकूर लोकांना दिसावा की नाही. दुसरी ‘डीफॉल्ट रिव्हिजन’, म्हणजे या टप्प्यात जतन झालेली आवृत्तीच त्या दस्तऐवजाची चालू आवृत्ती मानावी की नाही. पहिलीवर खूण केली की दुसरी आपोआप गृहीत धरली जाते. तयार मिळणाऱ्या ‘एडिटोरियल’ प्रवाहातील ‘ड्राफ्ट’ टप्प्यावर या दोन्ही खुणा नसतात, म्हणून प्रकाशित परिपत्रकाचा नवा मसुदा तयार केला तरी जुने परिपत्रक जागच्या जागी राहते. ‘आर्काइव्ह्ड’ टप्प्यावर मात्र फक्त दुसरी खूण असते. तिथे गेलेली आवृत्ती चालू ठरते, पण ती प्रकाशित नसते, आणि त्यामुळे पान लोकांपुढून उतरते. संग्रहात टाकण्यासाठी हीच वागणूक अपेक्षित आहे.

आपल्या ‘दुरुस्तीसाठी परत’ टप्प्यावर पहिली चौकट कोरी आणि दुसरीवर खूण, असेच आढळेल याची मला खात्री वाटते; वर्णन केलेली लक्षणे दुसऱ्या कशाची नाहीत. टप्पा तयार करताना ‘डीफॉल्ट’ हा शब्द वाचून ‘नेहमीप्रमाणे’ असा अर्थ घेतला जातो आणि खूण केली जाते. ती काढून टाकावी. एवढ्याने यापुढची परिपत्रके गायब होणार नाहीत, पण आधीच उतरलेली आपणहून वर येणार नाहीत. त्या प्रत्येक दस्तऐवजाच्या ‘रिव्हिजन्स’ टॅबवर जाऊन शेवटची प्रकाशित आवृत्ती पुन्हा चालू करावी लागेल. व्याजदराच्या परिपत्रकांपासून सुरुवात करावी. सभेची जुनी सूचना दोन दिवस दिसली नाही तर कोणाचे अडत नाही.

खरे म्हणजे ‘दुरुस्तीसाठी परत’ हा टप्पाच नको. कागद परत आला म्हणजे तो पुन्हा लिपिकाच्या टेबलावर आला, आणि लिपिकाच्या टेबलावर असलेल्या कागदाला आपण मसुदा म्हणतो. परत पाठवणे ही कृती आहे, अवस्था नाही. ती ‘मंजुरीसाठी सादर’पासून ‘मसुदा’पर्यंत जाणाऱ्या मार्गाने, म्हणजे ट्रान्झिशनने दाखवावी आणि परत का पाठवले ते आवृत्तीच्या शेऱ्यात लिहावे. हा शेऱ्याचा रकाना ड्रुपलमध्ये मूळचाच असतो. तो सक्तीचा करायला थोडी जुळवाजुळव लागते, पण ती करून घेण्याजोगी आहे. ‘कृपया पाहावे’ एवढाच शेरा असलेला कागद तीन वेळा इकडून तिकडे जाताना ज्याने पाहिला आहे, त्याला यामागचे कारण सांगावे लागणार नाही.

उरलेल्यांपैकी ‘टंकलेखन पूर्ण’, ‘शाखेकडून प्राप्त’ आणि ‘तातडीचे’ हे तीन टप्पे रकान्यांत घालावेत. शाखा हा एक रकाना, तातडी हा दुसरा. त्यांच्या जोडीला संचालक मंडळाच्या ठरावाचा क्रमांक, जावक क्रमांक आणि दर लागू होण्याची तारीख हेही रकानेच असू द्यावेत. यातील शेवटचा विशेष महत्त्वाचा आहे. परिपत्रक संकेतस्थळावर झळकण्याचा दिवस आणि त्यातले दर अमलात येण्याचा दिवस हे बहुधा वेगळे असतात, आणि ज्या संस्थांनी हा फरक टप्प्यांनी सांभाळायचा प्रयत्न केला, त्यांच्याकडे ‘प्रकाशित पण लागू नाही’ अशा चमत्कारिक नावाचा टप्पा जन्माला आलेला मी पाहिला आहे. तारखेचा रकाना असला की पानावर ‘अमुक दिनांकापासून लागू’ असे आपोआप दाखवता येते. परिपत्रक ठरावीक दिवशीच प्रकाशित व्हावे असे वाटत असेल तर शेड्युलर मॉड्यूल घ्यावे लागेल, आणि ते ज्या क्रॉनवर (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर) अवलंबून असते तो सर्व्हरवर खरोखर नियमित चालतो आहे ना, हे आधी पाहावे.

आता लिपिकाच्या हस्तक्षेपाबद्दल. ड्रुपलमध्ये परवानगी टप्प्याला दिली जात नाही; ती एका टप्प्यातून दुसऱ्यात नेणाऱ्या प्रत्येक मार्गाला, भूमिकेनुसार दिली जाते. यातून निघणारा एक उपयोग फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. एखादा दस्तऐवज ज्या टप्प्यात आहे, तिथून बाहेर नेणारा किंवा त्याच टप्प्यात पुन्हा जतन करू देणारा एकही मार्ग वापरकर्त्याला उपलब्ध नसेल, तर ड्रुपल त्याला तो दस्तऐवज संपादनासाठी उघडूच देत नाही. म्हणून लिपिकाच्या भूमिकेला फक्त दोन मार्ग द्यावेत: मसुदा ते मसुदा आणि मसुदा ते मंजुरीसाठी सादर. एकदा सादर केले की कुलूप आपसूक लागते. आपल्याकडे लिपिकाला ‘तपासणी ते मसुदा’ हा मार्गही दिला गेला असावा, ‘चुकून पाठवले तर मागे घेता यावे’ या सद्‌हेतूने. तो काढावा आणि मागे घ्यायचे असेल तर व्यवस्थापकाला दूरध्वनी करावा.

व्यवस्थापकाच्या बाबतीत याची दुसरी बाजू सांभाळावी लागते. ‘मंजुरीसाठी सादर ते मंजुरीसाठी सादर’ असा स्वतःकडेच येणारा मार्ग त्याला दिला नाही, तर एका वेलांटीची चूक सुधारण्यासाठीही त्याला कागद एकतर प्रकाशित करावा लागतो किंवा मागे पाठवावा लागतो. नव्याने आखलेल्या प्रवाहांत हा मार्ग विसरला जाण्याचे प्रमाण मोठे आहे. प्रकाशित पानात थेट बदल करण्याचा ‘प्रकाशित ते प्रकाशित’ हा मार्ग मात्र कोणालाच देऊ नये, अगदी व्यवस्थापकालाही नाही.

टप्प्यांच्या नावांविषयी एक लहानशी सूचना. संपादनाच्या पानावर ‘चेंज टू’च्या यादीत दिसतात ती मार्गांची नावे नसून पुढच्या टप्प्यांची नावे असतात. त्यामुळे मार्गाला कितीही सुरेख नाव दिले तरी लिपिकाला ते दिसत नाही. ‘मंजुरीसाठी सादर’ हे टप्प्याचे नाव वाचूनच त्याला निर्णय घ्यायचा असतो. नावे मराठीत ठेवण्यास काहीच अडचण नाही, आणि ती पुढे बदलता येतात.

पतसंस्थेतल्या मंडळींना एक तत्त्व नव्याने शिकवावे लागत नाही. व्हाउचरची नोंद करणारा आणि ते पास करणारा वेगळा असावा, हे त्यांच्या रोजच्या बँकिंग सॉफ्टवेअरमध्ये ठरलेलेच असते. ड्रुपल मात्र हे स्वतःहून पाळत नाही. एकाच व्यक्तीला लिपिकाची आणि व्यवस्थापकाची अशा दोन्ही भूमिका दिल्या तर परवानग्यांची बेरीज होते आणि ती व्यक्ती स्वतःच लिहून स्वतःच मंजूर करू शकते. लहान शाखेत माणसे कमी असतात हे खरे, तरीही व्याजदराच्या परिपत्रकांपुरता तरी हा नियम मोडू नये. आणि हे सारे तपासताना प्रशासकाच्या खात्यातून तपासू नये: त्याला सगळीकडे वाट मोकळी असते, त्यामुळे त्याला सर्व काही ठीकच दिसते.

चवथीचा प्रश्न तंत्राचा कमी आणि कार्यालयीन शिस्तीचा अधिक आहे. गोव्यात चवथीला मडगावात किंवा म्हापशात नोकरी करणारा माणूस पेडण्याच्या नाहीतर काणकोणच्या मूळ घरी जाणार, आणि तो तिथे गेल्यावर त्याने दिवसभर संगणकासमोर बसावे अशी अपेक्षा कोणीही करू नये. म्हणून मंजुरी व्यक्तीला न देता भूमिकेला द्यावी, आणि त्या भूमिकेत नेहमीच किमान दोन माणसे असावीत. दुसऱ्या माणसाला अधिकार केव्हा आणि कोणत्या कार्यालयीन आदेशाने दिला, तो आदेश क्रमांक मंजुरीच्या शेऱ्यात लिहावा. बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षात होते ते असे, की साहेबांचा पासवर्ड शिपायापर्यंत सर्वांना ठाऊक असतो आणि काम अडत नाही. काम अडत नाही हे खरे, पण सहा महिन्यांनी चुकीचा दर कोणी मंजूर केला हे शोधायची वेळ आली, की इतिहासात एकच नाव दिसते आणि ते नाव त्या दिवशी गणपतीच्या आरतीला उभे असते.

दूर असलेल्या अधिकाऱ्याने मोबाइलवरून मंजुरी द्यायची असेल तर त्याला नेमके काय बदलले आहे ते दिसले पाहिजे. दोन आवृत्त्यांमधील फरक रंगाने दाखवणारे डिफ हे मॉड्यूल यासाठी बसवावे. कागद टेबलावर आल्याचा ईमेल जावा म्हणून कंटेंट मॉडरेशन नोटिफिकेशन्स हे मॉड्यूल आहे. ते ‘मंजुरीसाठी सादर’ आणि परत पाठवणे या दोनच मार्गांवर लावावे. प्रत्येक हालचालीचा ईमेल जाऊ लागला की आठवड्याभरात ते ईमेल उघडणे बंद होते. ज्या संचालकांना मंजुरी द्यायची नाही, फक्त मसुदा पाहायचा आहे, त्यांना अप्रकाशित मजकूर पाहण्याची आणि ताजी आवृत्ती पाहण्याची अशा दोन्ही परवानग्या द्याव्या लागतात. एकीने भागत नाही.

आता आपण न विचारलेल्या, पण माझ्या मते सर्वांत घातक अशा गोष्टीकडे येतो. ही सारी टप्प्यांची व्यवस्था पानाला लागू होते. पानाला जोडलेल्या पीडीएफला नाही. ड्रुपलच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये चढवलेली फाईल वेब सर्व्हर थेट देतो, मधे ड्रुपलला विचारत नाही. म्हणजे परिपत्रकाचे पान मसुदा अवस्थेत असले तरी त्याची पीडीएफ, पत्ता ठाऊक असलेल्या किंवा अंदाजाने ओळखू शकणाऱ्या कोणालाही त्या क्षणापासून उघडता येते. आणि मागच्या महिन्याच्या फाईलचे नाव पाहून या महिन्याच्या फाईलचे नाव ओळखायला फार डोके लागत नाही. मंजुरीपूर्वीचे व्याजदर अशा तऱ्हेने बाहेर पडणे पतसंस्थेला परवडणारे नाही. उपाय म्हणजे ही फाईल खाजगी फोल्डरमध्ये ठेवणे. त्यासाठी सेटिंग्जच्या फाईलमध्ये त्या फोल्डरचा मार्ग द्यावा लागतो, आणि मग प्रत्येक मागणीला ड्रुपल परवानगी तपासते.

इथे आणखी एक खाच आहे. फाईल थेट पानाच्या रकान्यात जोडलेली असेल तर पान पाहण्याची परवानगी तपासली जाते. पण ती मीडिया लायब्ररीतून, म्हणजे अनेक पानांना वापरता येणाऱ्या फाईलींच्या सामायिक संग्रहातून जोडलेली असेल तर तपासणी त्या मीडिया घटकाच्या परवानगीची होते, आणि तो स्वतंत्रपणे प्रकाशित असतो. त्याहून वाईट म्हणजे कोणी मीडिया लायब्ररीत जाऊन जुन्या घटकातली फाईल बदलली, तर पानाचा कोणताही टप्पा न ओलांडता नवी पीडीएफ प्रकाशित पानावर येते आणि पानाच्या इतिहासात त्याचा मागमूसही राहत नाही. मी परिपत्रकांसाठी मीडिया लायब्ररी वापरत नाही. छायाचित्रांसाठी ती उत्तम आहे. परिपत्रकासाठी साधा फाईलचा रकाना बरा. त्याच नावाची फाईल पुन्हा चढवली की ड्रुपल नावाच्या शेवटी ‘_०’ असे लावून ती वेगळी ठेवते, त्यामुळे कोणी व्हॉट्सॲपवर पीडीएफचा थेट दुवा फिरवला असेल तर तो जुन्याच फाईलकडे नेत राहतो. सभासदांना नेहमी पानाचा दुवा पाठवावा, फाईलचा नव्हे. आणि दरांचा तक्ता पीडीएफमध्ये कोंडून ठेवण्यापेक्षा पानावरच मजकूर म्हणून असावा; विशेषतः ती पीडीएफ युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर तिच्यात शोध घेता येत नाही आणि नक्कल केली तर अगम्य अक्षरे हाती येतात.

‘कालबाह्य’ हा टप्पा ‘आर्काइव्ह्ड’सारखा लपवणारा ठेवू नये, असे माझे मत आहे. ज्या सभासदाने जुन्या दराने मुदत ठेव ठेवली आहे, त्याला मुदत संपेपर्यंत त्या परिपत्रकाशी कर्तव्य असते. म्हणून कालबाह्य टप्प्यावर ‘पब्लिश्ड’ची खूण असू द्यावी, पानाच्या माथ्यावर ‘हे परिपत्रक आता लागू नाही’ अशी ठळक पट्टी यावी, नव्या परिपत्रकाचा दुवा द्यावा आणि मुख्य यादीतून ते वगळावे. जे मुळातच चुकीने प्रसिद्ध झाले, त्याच्यासाठी पाचवा, लपवणारा टप्पा ठेवता येईल. तो वापरण्याची वेळ क्वचित यावी.

गोव्यातल्या संकेतस्थळाला भाषांचा विषय टाळता येत नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा ठरली आणि मराठीच्या शासकीय वापराचीही तरतूद झाली. खाजगी आणि सहकारी संस्थांत त्यांच्या जोडीला इंग्रजी असतेच. ड्रुपलमध्ये प्रत्येक भाषेतील अनुवादाचा टप्पा स्वतंत्र चालतो. त्यामुळे मराठी पानावर नवा दर आणि इंग्रजी पानावर जुना, अशी स्थिती सहज येते. टप्प्यांनी हे बांधून घालण्याच्या भानगडीत पडू नये. आकडे आणि लागू होण्याची तारीख हे रकाने अनुवाद न होणारे ठेवावेत, म्हणजे ते एकदाच, मूळ भाषेच्या पानावर भरले जातील आणि मूळ पान प्रकाशित होताच सर्व भाषांत बदलतील. अनुवादाच्या पानांवर हे रकाने लपवण्याची सोय भाषांच्या सेटिंगमध्ये आहे आणि मंजुरीचा प्रवाह चालू असताना ती वापरावीच लागते. मग अनुवाद मागे राहिला तरी शब्द मागे राहतात, दर नाही.

एक मर्यादा कर्मचाऱ्यांना आधीच सांगून ठेवावी. प्रकाशित पानाचा नवा मसुदा चालू असताना त्या पानाचा पत्ता किंवा मेनूतील जागा बदलायला गेल्यास ड्रुपल नकार देते, कारण या गोष्टी आवृत्तीनुसार वेगळ्या ठेवल्या जात नाहीत. हा बिघाड नव्हे.

दुसऱ्या प्रणालीकडे जावे का, असाही ओझरता उल्लेख प्रश्नात आहे. या कामासाठी नको. वर्डप्रेसमध्ये ‘पेंडिंग रिव्ह्यू’ आहे, परंतु प्रकाशित लेखाचा बदल मंजुरीपर्यंत रोखून धरण्याची सोय त्याच्या गाभ्यात नाही. जूमलाने ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत टप्पे आणि मार्ग दिले, मांडणीही समजायला सोपी आहे. पण तिथे टप्पा बदलतो तो त्या एकाच चालू लेखाचा, त्यामुळे आपली मूळ तक्रार तिथेही उभी राहील. प्लोनमध्ये कामाची वेगळी प्रत काढून ती नंतर मूळ पानात मिळवण्याची पद्धत आहे आणि ती चांगली आहे, मात्र प्लोन सांभाळणारे माणूस गोव्यात शोधावे लागेल.

आठ टप्प्यांवरून चारांवर येताना घाई करू नये. ज्या टप्प्यात एखादा दस्तऐवज आहे तो टप्पा ड्रुपल काढू देत नाही, आणि काढता आला तरी जुन्या आवृत्त्यांचा इतिहास त्याच नावांनी लिहिलेला असतो. म्हणून प्रथम नव्या चार टप्प्यांचे मार्ग तयार करावेत. मग ‘मॉडरेटेड कंटेंट’ या यादीत टप्प्यानुसार चाळून, जुन्या टप्प्यांत अडकलेले कागद एकेक करून मसुद्यात किंवा मंजुरीच्या टप्प्यात आणावेत. पतसंस्थेच्या आकारमानाला हे काम हातानेच करणे योग्य, कारण ते करताना वर्षभरापासून कोणाच्याही टेबलावर नसलेले कागद सापडतात. त्यानंतर जुन्या टप्प्यांत नेणारे सर्व मार्ग काढून टाकावेत आणि नावापुढे ‘वापरात नाही’ असे जोडावे. टप्पे यादीत राहतील, पण तिथे कोणाला जाता येणार नाही. ही सर्व फिरवाफिरव आधी संकेतस्थळाच्या चाचणी प्रतीवर करावी, आणि मूळ संकेतस्थळावर नेण्यापूर्वी लिपिकाच्या खात्यातून एक परिपत्रक सादर करून, व्यवस्थापकाच्या खात्यातून परत पाठवून आणि पुन्हा मंजूर करून पाहावे. त्या सबंध वेळात दुसऱ्या ब्राउझरमध्ये, कोणत्याही खात्याने प्रवेश न करता, जुने परिपत्रक उघडे ठेवून ते अधूनमधून ताजे करत राहावे.